काळ्या मठातील गृहिणी

मार्टिन लूथर ह्यांच्या प्रबंधांविषयी आणि वर्म्सच्या सभेविषयी आम्ही उपदेशांतून पुष्कळ बोललो आहो. त्यांच्या घराविषयी मात्र कधी बोललो नाही. जर्मनीतील विटेनबर्ग गावी ते घर अजून उभे आहे. नाव लूथर ह्यांचे असले, तरी ते घर चालविले त्यांच्या पत्नी कॅथरिनाबाई ह्यांनी.

ही वास्तू मुळात घर नव्हतीच. १५०४ साली ऑगस्टिनी संन्याशांच्या मठासाठी तिचे बांधकाम सुरू झाले. त्या संन्याशांचे झगे काळे, म्हणून तिला काळा मठ म्हणत. धर्मसुधारणेचे वारे सुटल्यावर संन्यासी एकेक करून निघून गेले आणि त्या लांबलचक इमारतीत लूथर जवळजवळ एकटे उरले.

कॅथरिनाबाईंचा जन्म १४९९ सालचा, खानदानी पण गरिबीला आलेल्या घराण्यात. लहानपणीच त्यांना मठात ठेवले गेले आणि १५१५ मध्ये निम्बशेनच्या मठात त्यांनी संन्यासव्रत घेतले. १५२३ च्या पुनरुत्थान सणाच्या रात्री टोर्गाऊचे व्यापारी लिओनार्ड कोप्पे ह्यांच्या गाडीतून त्या आणि इतर काही जणी तेथून निसटल्या. माशांच्या पिंपांत लपून आल्याची गोष्ट फार रंगवून सांगतात. आम्हीही ती एकदा सांगितली आहे, पण तिला भक्कम आधार नाही. बरोबरीच्या मुलींची लग्ने झाली किंवा त्या नातलगांकडे गेल्या. कॅथरिनाबाईंनी मात्र त्यांच्यासाठी पाहिलेले एका पाळकाचे स्थळ साफ नाकारले. १३ जून १५२५ रोजी लूथर ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या काळ्या मठात राहावयास आल्या.

पुढे १५३२ मध्ये सॅक्सनीचे अधिपती इलेक्टर योहान ह्यांनी मठ लेखी दस्तऐवजाने ह्या कुटुंबाला दिला. पण एवढे मोठे घर चालवावे कसे? लूथर आपल्या पुस्तकांचा मोबदला घेत नसत आणि दारी आलेल्याला हात आखडून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. बाईंनी संन्याशांच्या रिकाम्या खोल्या विद्यार्थ्यांना देऊन त्यांना पैसे घेऊन जेवू घातले. बाग केली, गाई-डुकरे पाळली, मासळीसाठी तळे राखले. मठाला बिअर गाळण्याचा जुना हक्क होता, तोही त्यांनी चालविला. आमच्या काही वाचकांना हे खटकेल, परंतु त्या देशी त्या काळी बिअर हे रोजच्या जेवणातले पेय होते. सहा मुले, अनाथ भाचे-पुतणे, म्हातारी आत्या, पाहुणे, आजारी, एवढ्यांचे पान रोज मांडायचे. १५४२ मध्ये अनहाल्टचे राजपुत्र जॉर्ज येथे उतरू पाहत होते, तेव्हा घरात फार गर्दी-गलबला असतो, येऊ नका, असा सल्ला त्यांना मिळाला. ह्याच घरच्या जेवणाच्या मेजावर विद्यार्थ्यांनी टिपून घेतलेली लूथर ह्यांची संभाषणे १५६६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. ते मेज भरत कोण होते, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते.

१५२७ मध्ये प्लेग आला, तेव्हा पोटुशी असतानाच बाईंनी घराचे रुग्णालय केले. त्या वर्षी जन्मलेली एलिझाबेथ पुढच्या वर्षी गेली. १५४२ मध्ये तेरा वर्षांची माग्दालेना ह्याच घरात बापाच्या हातांवर गेली.

१५४० साली बाईंनी घराला दगडी दरवाजा करविला. तो अजून आहे. दोन्ही बाजूंस बसण्याच्या दगडी बैठका, वर एकीकडे लूथर ह्यांची मुद्रा आणि दुसरीकडे त्यांचे गुलाबाचे चिन्ह. संध्याकाळी दोघांनी समोरासमोर बसावे, असाच तो घडविलेला आहे.

फेब्रुवारी १५४६ मध्ये आइस्लेबेन येथे लूथर वारले. सर्व काही पत्नीला मिळावे असे मृत्युपत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, पण ते कायद्याच्या रीतीने केलेले नव्हते. सॅक्सनीच्या कायद्यात विधवेला पालक लागे. घर सोडावे, मुले दुसऱ्यांच्या हाती द्यावीत, असे दिवाण ब्रूक ह्यांचे मत होते. बाईंनी ते ऐकले नाही. इलेक्टरनी मृत्युपत्र मान्य केले, तरी पालक नेमलेच. संन्याशिणींना मोकळे करणाऱ्या त्या चळवळीच्या राज्यात तिच्याच पुढाऱ्याच्या विधवेला आपल्या छपराखाली राहण्यासाठी झगडावे लागले, हे आम्हांला लाजिरवाणे वाटते.

त्याच वर्षी युद्ध पेटले. बाई मुलांना घेऊन पळाल्या आणि १५४७ मध्ये परतल्या, तो शेते-गोठे उद्ध्वस्त. कर्ज काढून त्यांनी पुन्हा विद्यार्थी ठेवले. १५५२ मध्ये पुन्हा प्लेग आला. टोर्गाऊकडे जाताना घोडे बुजले, बाई गार पाण्याच्या चरात पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत. २० डिसेंबर रोजी त्यांचा अंत झाला. त्यांची कबर टोर्गाऊच्या मरियेच्या मंदिरात आहे.

वारसांनी १५६४ मध्ये घर विद्यापीठाला विकले. १७१२ मध्ये रशियाचा झार पीटर येथे येऊन दारावर खडूने सही करून गेला. ती काचेखाली जपली आहे. १८८३ मध्ये तेथे संग्रहालय झाले. २००४ च्या सुमारास अंगणात उत्खनन झाले, तेव्हा स्वयंपाकघरातला जुना कचरा हाती आला. त्यात डुकरांची व पाखरांची हाडे होती, फुटकी भांडी होती आणि मुलांच्या खेळण्यातल्या गोट्या होत्या.