आपल्या मुलखातले बाबा

आपण ज्या गिरडच्या टेकडीवर खेळलो, त्याच मुलखातले बाबा आमटे. जन्म १९१४ चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं, पदवी वकिलीची. वरोऱ्यात रस्त्याकाठी पडलेला कुष्ठरोगी पाहून ते आधी घाबरून दूर झाले. ती भीती त्यांना सलत राहिली. त्यातूनच १९४९ मध्ये आनंदवन उभं राहिलं. पुढे सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत त्यांनी कॉलेजच्या पोरांच्या हाती कुदळ-फावडं दिलं. १९८५ मध्ये तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेव्हा पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना बसताही येत नव्हतं. २००८ मध्ये ते गेले.

मे महिन्याच्या उन्हाचं निमित्त सांगून मी तेव्हा छावणीला जायचं टाळलं. यंदा माझी मुलगी जाते आहे. मित्रांनो, तुमचीही मुलं पाठवा.