विश्लेषण : गरिबांच्या घरचा जिना चढणारे प्राध्यापक, कोण होते फ्रेडरिक ओझानाम?

मुंबई-वसईतील अनेक चर्चमध्ये संत व्हिन्सेंट दी पॉल यांच्या नावाची संस्था काम करते. कुणाची शाळेची फी, कुणाचे औषधपाणी, एखाद्या एकट्या म्हातारीला महिन्याचा शिधा, अशी तिची कामे. नाव सतराव्या शतकातील संताचे असले, तरी ही संस्था १८३३ मध्ये पॅरिसच्या मूठभर विद्यार्थ्यांनी सुरू केली. त्यांपैकी सर्वांत परिचित नाव फ्रेडरिक ओझानाम यांचे. पण मदतीच्या कामातून ते थेट मजुरीच्या प्रश्नापर्यंत कसे पोहोचले?

सुरुवात कशी झाली?

ओझानाम यांचा जन्म १८१३ मध्ये मिलानचा. वाढले मात्र फ्रान्समधील लिऑं या रेशीम विणकरांच्या शहरात. १८३१ मध्ये मजुरीच्या दरावरून तिथल्या विणकरांनी उठाव केला. त्याच वर्षी ओझानाम कायदा शिकायला पॅरिसला गेले. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याने त्या शहरात हजारो बळी घेतले.

विद्यार्थ्यांच्या एका वादसभेत ते चर्चची बाजू मांडत. चर्चने पूर्वी केले ते केले, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता, असे एका विरोधकाने विचारले. सवाल झोंबला, कारण त्याला द्यायला उत्तर नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि संपादक एमानुएल बायी एकत्र बसले. गरीब कुटुंबांचे पत्ते दिले ते मुफतार वस्तीत राबणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी. खरे तर या तरुणांना काम शिकवले ते त्यांनीच.

वेगळे काय होते?

मदत चर्चच्या दारात वाटायची नाही, घरी जाऊन द्यायची. सदस्य जोडीने जात, बसत, बोलत. आठवड्याच्या बैठकीत थैली फिरे; कुणी किती टाकले ते कळत नसे. सदस्य शंभरावर गेले तेव्हा गट पाडण्यावरून वाद झाला. विभागणीचा आग्रह ओझानाम यांचा होता. तो मान्य झाला आणि काम एकेका पॅरिशमध्ये, म्हणजे धर्मग्रामात, रुजले.

दानाकडून न्यायाकडे

घरोघरी गेल्यावर दिसले ते असे, की दिवसभर राबणारा माणूसही उपाशी आहे. १८३९-४० मध्ये लिऑंत व्यापारी कायदा शिकवताना ओझानाम यांनी मजुरीवरच बोट ठेवले. मजुराकडे केवळ साधन म्हणून पाहणे म्हणजे शोषण. त्याच्या मजुरीत पोट भरावे, मुलांचे शिक्षण व्हावे आणि म्हातारपणाचीही सोय व्हावी, अशी त्यांची मांडणी होती. दान जखमेवर तेल ओतते, पण घाव घालणारा हात न्यायानेच थांबतो, हे त्यांचे सूत्र. तरीही ते समाजवादी नव्हते. खासगी मालमत्तेचा हक्क त्यांना मान्य होता.

१८४८ चा घाव

पुढे ते सॉर्बोनमध्ये परकीय साहित्याचे प्राध्यापक झाले. १८४८ च्या क्रांतीनंतर धर्मगुरू लाकोर्डेर यांच्यासोबत त्यांनी ‘लेर नुव्हेल’ हे वृत्तपत्र काढले आणि निवडणूकही लढवली. त्यात ते हरले. जूनमध्ये बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी कार्यशाळा मोडीत निघाल्या आणि पॅरिसचे कामगार रस्त्यावर उतरले. ओझानाम तेव्हा नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे कामगारांच्या समोरच्या बाजूला होते. रक्तपात थांबावा म्हणून ते दोन सहकाऱ्यांसह आर्चबिशप आफ्र यांच्याकडे गेले आणि त्यांनी मध्यस्थीची गळ घातली. आफ्र निघाले. मोर्चेबंदीपाशी त्यांना गोळी लागली आणि २७ जूनला त्यांचा मृत्यू झाला.

यानंतर अनेक कॅथलिकांना व्यवस्था आणि बंदोबस्त हवा होता. ओझानाम मात्र लिहीत राहिले : धर्मगुरूंनी नेहमीच्या भाविकांपलीकडच्या वस्त्यांत जावे, बेकारांना काम मिळावे. वृत्तपत्र वर्षभरातच हातचे गेले. प्रकृती ढासळली. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, इटलीहून परतताना, मार्सेयमध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी ते गेले. मागे पत्नी अमेली आणि आठ वर्षांची मुलगी होती.

मजुराला निर्वाह करता येईल इतके वेतन मिळावे, हे पोप लिओ तेरावे यांच्या परिपत्रकात १८९१ मध्ये आले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये ओझानाम यांना ‘धन्य’ घोषित केले.