शब्दांचा कष्टकरी : डॉ. सॅम्युएल जॉन्सन

एखादा इंग्रजी शब्द अडला की आपण कोश उघडतो. तेथे अर्थ असतो आणि खाली तो शब्द वापरलेले एखादे वाक्यही असते. ही सोय इंग्रजी कोशात रुजवली ती डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी.

इंग्लंडातील लिचफील्ड येथे १७०९ साली एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणीच गंडमाळेने चेहऱ्यावर व्रण उठले व एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. ऑक्सफर्डचे शिक्षण गरिबीमुळे सुमारे तेरा महिन्यांतच सुटले. पुढे शाळा काढली, तीही चालली नाही. १७३७ साली ते लंडनला आले आणि मासिकांत लिहून कसेबसे पोट भरू लागले.

१७४६ साली काही पुस्तकविक्रेत्यांनी कोशासाठी त्यांच्याशी १,५७५ पौंडांचा करार केला. मदतनीसांचा पगारही त्यातूनच द्यावयाचा होता. काम तीन वर्षांत आटोपेल असा जॉन्सन यांचा अंदाज होता. लागली जवळजवळ नऊ!

गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर हे काम चाले. जॉन्सन नामांकित लेखकांचे ग्रंथ व पवित्र शास्त्र वाचीत आणि उपयोगी वाक्यांवर पेन्सिलीने खुणा करीत. मदतनीस ती वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरून घेत. मग ती वाक्ये शेजारी शेजारी ठेवून जॉन्सन अर्थ ठरवीत. इंग्रजीतील ‘टेक’ या लहानशा शब्दाचे त्यांनी १३४ अर्थ नोंदवले. आपल्याकडेही भूक लागते, दार लागते, नोकरी लागते आणि बोललेलेही लागते. प्रत्येक ठिकाणी ‘लागणे’ निराळे. शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांना विचारावा लागतो, हे मुलांना शिकवणाऱ्यांना सांगायला नकोच.

भाषेला कायमचे बांधून ठेवता येईल अशी आशा त्यांना प्रथम होती. ती फोल होती, हे त्यांनी कोशाच्या प्रस्तावनेत स्वतःच मान्य केले.

काम अर्ध्यावर असताना, १७५२ साली त्यांची पत्नी एलिझाबेथ वारली. ते पार खचले. तरी १७५३ च्या एप्रिलमध्ये दुसरा खंड हाती घेताना त्यांनी एक प्रार्थना लिहून ठेवली व पुन्हा कामाला बसले. ज्या लॉर्ड चेस्टरफील्डना कोशाचा आराखडा अर्पण केला होता, त्यांनी इतकी वर्षे फारशी दखल घेतली नाही. कोश पुरा होत आल्यावर मात्र जाहीर स्तुती केली. ती उशिराची कृपा जॉन्सन यांनी पत्र लिहून सभ्यपणे, पण सडेतोडपणे नाकारली.

१७५५ च्या एप्रिलमध्ये दोन जाडजूड खंड निघाले. त्यांत ४२,००० हून अधिक शब्द आणि एक लाखावर उतारे होते. कीर्ती झाली, पण हाती पैसा उरला नाही. पुढच्याच वर्षी थोड्याशा कर्जापायी त्यांना अटक झाली, तेव्हा कादंबरीकार रिचर्डसन यांनी पैसे पाठवून त्यांना सोडवले. १७६२ पासून राजाकडून सालीना ३०० पौंड मिळू लागले, तेव्हा कोठे ओढाताण थांबली.

घोड्याच्या खुरावरच्या भागाचे नाव त्यांनी कोशात गुडघा म्हणून दिले होते. एका बाईंनी कारण विचारताच, ते निव्वळ माझे अज्ञान, असे त्यांनी सांगून टाकले. हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. तरुणपणी एकदा वडिलांनी उटॉक्सिटरच्या बाजारातील पुस्तकांच्या दुकानावर येण्यास सांगितले असता ते गर्वाने गेले नव्हते. वडील १७३१ साली वारले, पण ती सल गेली नाही. म्हातारपणी ते मुद्दाम त्या गावी गेले आणि दुकान असे त्याच जागी भर पावसात टोपी काढून बराच वेळ उभे राहिले.

१३ डिसेंबर १७८४ रोजी ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना पुरले आहे.