सोवळ्याकडून सहभोजनाकडे : लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार आणि श्रद्धा

१

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे नाव उच्चारताच ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ आठवतो आणि ग्रंथ आठवताच रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे विलक्षण व्यक्तिमत्त्व डोळ्यांसमोर उभे राहते. या क्रमामुळे लक्ष्मीबाईंच्या चरित्राविषयी एक समज रूढ होत गेला. पतीने धर्म बदलला, पत्नीने काही काळ विरोध केला आणि अखेर पातिव्रत्याला स्मरून तीही त्याच्या मागोमाग गेली, असा तो समज आहे. जोसेफिन इंकस्टर यांनी १९५० मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाचे ‘आय फॉलो आफ्टर’ हे शीर्षकही याच समजाला दुजोरा देणारे आहे. शान्ता गोखले यांनी २०१७ मध्ये संपूर्ण ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्याच्याही उपशीर्षकात लक्ष्मीबाईंची ओळख पत्नी म्हणूनच येते.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचा घटनाक्रम बारकाईने पाहिला, तर मात्र वेगळे चित्र दिसते. त्या पतीकडे परतल्या तेव्हा त्यांनी आपला धर्म सोडलेला नव्हता आणि धर्म स्वीकारला तेव्हा तो पतीच्या युक्तिवादाने स्वीकारलेला नव्हता. प्रेम आणि श्रद्धा हे त्यांच्या जीवनातील दोन स्वतंत्र निर्णय होते. त्यांत प्रेमाचा निर्णय आधीचा आणि श्रद्धेचा नंतरचा आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची मांडणी या दृष्टीने करण्याचा प्रयत्न आहे.

२

लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. जन्म नाशिकजवळ गोदावरीच्या काठी वसलेल्या जलालपूर येथे झाला. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. या घटनेचा आघात मनकर्णिकेच्या वडिलांवर असा झाला की, त्यांच्या मनाने सोवळ्याचा अतिरेकी ध्यास घेतला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यायची नाही. मिठासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचीही यातून सुटका नव्हती. मुलांनी कोणाला शिवावे, कोठे बसावे, केव्हा स्नान करावे यावर अष्टौप्रहर पहारा असे. या प्रसंगांचे लक्ष्मीबाईंनी केलेले वर्णन मराठी विनोदाच्या उत्तम नमुन्यांत गणले जाते. तथापि त्या विनोदाच्या तळाशी एका भयग्रस्त घराचे दुःख आहे, हे विसरता कामा नये. त्या घरात माणसाचा स्पर्श हेच संकट होते.

मनकर्णिकेच्या बालपणाचा बराचसा भाग नाशिकला गोविंदराव खांबेटे या नातेवाइकांच्या घरी गेला. तेथे तिला मायेचा ओलावा मिळाला. वयाच्या अकराव्या वर्षी तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला आणि मनकर्णिकेची लक्ष्मी झाली.

टिळकांचेही बालपण सुखाचे नव्हते. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई काव्याची आवड असलेल्या व कोमल स्वभावाच्या, तर वडील वामनराव अत्यंत तापट. आई वारल्यावर टिळकांनी लहान वयातच घर सोडले आणि नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. भयाच्या छायेत वाढलेली मुलगी आणि घर हरवलेला मुलगा यांचा हा संसार होता. दोघांनाही घर हवे होते. पण घर कसे असते याचा पुरेसा अनुभव दोघांपाशीही नव्हता.

३

विवाहानंतरची पहिली पंधरा वर्षे अस्थिरतेची होती. टिळकांचे पाऊल एका गावी ठरत नसे. नोकरी धरावी, मनाविरुद्ध काही घडले की सोडावी, हातचा पैसा मागणाऱ्याला देऊन टाकावा आणि पत्नीला तिच्या आप्तांकडे ठेवून आपण निघून जावे, असा त्यांचा क्रम होता. त्यांचा संताप जसा क्षणात उसळे, तसे त्यांचे प्रेमही. लक्ष्मीबाईंनी हे सारे पुढे लिहिले. पण पतीला देव्हाऱ्यात बसवले नाही आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे केले नाही. या काळात त्यांनी अपत्यवियोगही सोसला. १८९१ मध्ये दत्तूचा, म्हणजेच पुढे साहित्यिक म्हणून परिचित झालेल्या देवदत्त नारायण टिळक यांचा, जन्म झाला आणि त्यांच्या आयुष्याला आधार मिळाला.

टिळक नागपूरला असताना अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने विद्याव्यासंग करीत होते. पुढे राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबलातील नवा करार ठेवला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला ज्या धर्माची गरज आहे तो आपणास सापडला, अशी त्यांची खात्री होत गेली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि दत्तू चार वर्षांचाही नव्हता.

या घटनेने लक्ष्मीबाईंची जी स्थिती झाली, तिला तत्कालीन समाजव्यवस्थेत नावच नव्हते. पती जिवंत असल्याने त्या विधवा नव्हत्या. पती जातीबाहेर गेल्याने सुवासिनीचा संसारही त्यांना उरला नव्हता. दुःखाने त्यांची प्रकृती खचली. बहीण भिकूताई आणि तिचे यजमान यांनी त्यांना आश्रय दिला व काही काळ त्या पंढरपुरात राहिल्या. याच वियोगाच्या काळात त्यांच्या लेखणीतून कविता उतरू लागली. शालेय शिक्षण नसलेल्या आणि पतीच्या आग्रहाने जेमतेम अक्षरओळख झालेल्या या स्त्रीला काव्याची वाट दुःखाने दाखवली. पती-पत्नींत पत्रव्यवहार चालू राहिला. त्यात रुसवे होते, वाद होता, आर्जवही होते. दोघांच्या धर्मांत अंतर पडले, तरी संवादाचा धागा दोघांनीही तुटू दिला नाही.

४

सुमारे साडेचार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन पतीकडे गेल्या. आप्तांचा रोष, जातीचा बहिष्कार आणि मुलाच्या भवितव्याची चिंता हे सर्व पत्करून त्या गेल्या. मात्र हिंदू म्हणूनच गेल्या. अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) ख्रिस्ती वस्तीत त्यांनी आपले सोवळे सांभाळले, चूल वेगळी ठेवली, पाण्याची व्यवस्था वेगळी ठेवली. ज्या पतीसाठी सर्वस्व सोडून आल्या, त्याच्या पंक्तीला बसण्यास त्यांचे मन तयार नव्हते. टिळकांनीही याबाबतीत बळजबरी केली नाही. अन्य अनेक प्रसंगी उतावळेपणा करणारा हा मनुष्य पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत थांबू शकला, ही त्यांच्या प्रेमाची मोठीच साक्ष मानावी लागेल.

लक्ष्मीबाईंच्या मनातील परिवर्तन या थांबण्याच्या काळात घडले. त्यांच्यापुढचा प्रश्न त्रैक्याचा किंवा तारणाच्या सिद्धान्ताचा नव्हता, तर अन्नपाण्याचा होता. ही जात कोणी केली, देवाने की माणसाने? पशुपक्ष्यांत देवाने भेद केला तो डोळ्यांना दिसतो. माणसामाणसांतला भेद दिसत का नाही? या विचाराचा शेवट होताच त्यांनी यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला आणि तो तत्काळ आचरणात आणला. स्पर्शाच्या भीतीने ग्रासलेल्या वडिलांच्या घरातून निघालेला प्रवास येथे एका निर्णायक वळणावर येतो. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोवळे त्यापूर्वीच गळून पडले होते.

टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्या धर्मांतरांतील भेद येथे स्पष्ट होतो. टिळकांची वाट ग्रंथाची, चिंतनाची आणि देशहिताच्या तळमळीची होती. लक्ष्मीबाईंची वाट स्वयंपाकघरातून गेली. टिळकांनी आधी श्रद्धा स्वीकारली आणि तिची किंमत संसाराने मोजली. लक्ष्मीबाईंनी आधी संसार पुन्हा उभा केला आणि त्यातच त्यांना श्रद्धा गवसली. दोघे एका ठिकाणी पोहोचले, म्हणून दोघांचा मार्ग एकच होता असे म्हणता येत नाही.

५

बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेची खरी परीक्षा झाली ती घरातच. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात अनेक मुले निराधार झाली. टिळक जेथे राहत तेथे अशा मुलांना थारा मिळे. परंतु त्यांच्या पोटाला घालण्याचा भार लक्ष्मीबाईंवर येई. निधीचा विचार न करता दान करणारा पती आणि रिकाम्या डब्यांकडे पाहून उद्याची तरतूद करणारी पत्नी यांच्यातील संघर्ष पुढेही संपला नाही. किंबहुना त्यांच्या संसाराचे जिवंतपण या संघर्षातच होते. मात्र एकेकाळी दुसऱ्याच्या हातचे पाणी न पिणारी ही स्त्री आता कोणत्याही जातीच्या पोराला पोटाशी धरीत होती. टिळक दांपत्याच्या कुटुंबात ताराही मुलगी म्हणून वाढली. कुटुंब हे रक्ताच्या नात्यापुरते नसते, हा विचार येथे प्रत्यक्ष दिनक्रमात उतरला होता.

बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे आहे. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात या तरुण कवीने सर्वांचे लक्ष वेधून घेतले. पुढे टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले. या घरात ठोमरे मुलासारखा राहिला. रुसला, हट्ट केला, लक्ष्मीबाईंच्या मायेचा हक्काने वाटेकरी झाला. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरात त्याच्यावर प्रेम करण्यासाठी धर्मांतराची अट घातली गेली नाही. मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात या घराचा जो वाटा आहे, तो लक्ष्मीबाईंच्या चुलीशिवाय पूर्ण होत नाही.

१९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात मिशनच्या चाकोरीतून बाहेर पडून ते साताऱ्यास गेले. बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी १९१७ मध्ये स्थापन केला. ही कल्पना टिळकांची खरी. परंतु बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती आणि ख्रिस्ती व्यक्ती यांनी एका छपराखाली प्रेमाने राहण्याचा प्रयोग त्यांच्या घरात लक्ष्मीबाईंच्या आगमनापासूनच सुरू झाला होता, हे येथे नमूद करावेसे वाटते.

६

त्यानंतर दोन मोठे आघात लागोपाठ आले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकानजीक रेल्वे अपघातात बालकवींचे निधन झाले. वयाची अठ्ठावीस वर्षेही त्यांनी पुरी केली नव्हती. पुढील वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनी मुंबईत देह ठेवला. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. पतीने प्रपंचासाठी फारसे काही मागे ठेवले नव्हते. मागे राहिले ते ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य, आणि तेही सुरुवातीच्या काही अध्यायांपाशी थांबलेले.

हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यातील बहुतांश अध्याय त्यांचे आहेत. संस्कृत साहित्यशास्त्राचा अभ्यास असलेल्या पंडित कवीचे काम, ज्यांना अखेरपर्यंत शुद्धलेखनाने दाद दिली नाही अशा पत्नीने हाती घेतले, ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात विरळा आहे. पतीच्या मागून जाणे हे शब्द लक्ष्मीबाईंच्या बाबतीत कोठे सार्थ होत असतील, तर ते येथे. परंतु येथेही त्या ज्या ठिकाणी पतीची पावले थांबली तेथून पुढे स्वतःच्या बळावर चालल्या. हे काव्य त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

‘स्मृतिचित्रे’ची जन्मकथाही अशीच आहे. टिळकांच्या चरित्राला साधने मिळावीत म्हणून देवदत्तांनी आईला आठवणी लिहिण्याचा आग्रह केला. मुलाची इच्छा पुरवावी आणि पतीची स्मृती जपावी या दुहेरी मायेपोटी त्यांनी लेखणी उचलली. दुसऱ्याच्या चरित्राची सामग्री म्हणून सुरू झालेले हे लेखन मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र ठरले. त्याचे भाग १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले तेव्हा कथन अपुरेच होते.

या आत्मचरित्रात साक्षात्काराचे वर्णन जवळजवळ नाही, धर्ममंडन तर नाहीच. सोडलेल्या धर्माविषयी कडवटपणा नाही आणि वडिलांच्या सोवळ्याविषयीही द्वेष नाही. ज्या माणसांनी आपल्याला छळले त्यांच्यावर हसता हसता लेखिका त्यांना क्षमा करते. लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचा शोध त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत न घेता या क्षमाशील दृष्टीत घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. ती दृष्टी त्यांना कोणी दिली नाही. भयाचे माहेर, अस्थिर सासर, पाच वर्षांचा वियोग, वेगळी मांडलेली चूल आणि मग सर्वांसाठी पेटलेली एकच चूल, अशा क्रमाने त्यांनी ती मिळवली. त्यांच्या चरित्राचा पुनर्विचार करताना पतीचे धर्मांतर हा आरंभबिंदू न मानता जलालपूरचे ते सोवळ्याने बांधलेले घर हा आरंभबिंदू मानला, तर या जीवनाची संगती अधिक स्पष्टपणे लागते.