श्रीधर व्यंकटेश केतकर

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (जन्म : रायपूर, २ फेब्रुवारी १८८४; मृत्यू : पुणे, १० एप्रिल १९३७) हे समाजशास्त्रज्ञ, कादंबरीकार आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक होते.

१९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले व कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी. झाले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीकडे त्यांनी धर्माज्ञा म्हणून न पाहता इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीचा पुरावा म्हणून पाहिले. त्यांच्या मते जातीची लक्षणे दोन : सभासदत्व जन्मानेच मिळते आणि जातीबाहेर विवाहास सक्त मनाई असते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. भीमराव आंबेडकर यांनी या व्याख्येची चिकित्सा केली. जातीचा विचार संपूर्ण जातिव्यवस्थेच्या संदर्भात केल्याचे श्रेय त्यांनी केतकरांना दिले. मात्र ही दोन लक्षणे एकाच गोष्टीच्या दोन बाजू ठरतात, असा आक्षेप घेतला. विवाहच जातीबाहेर होत नसेल, तर बाहेर जन्मलेल्यास प्रवेश उरतच नाही. हा आक्षेप बिनतोड आहे.

भारतात परतल्यावर केतकरांनी कलकत्ता विद्यापीठात काही काळ अध्यापन केले. पुढे भागभांडवल उभारून त्यांनी ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. संशोधन मराठीतून सामान्य वाचकापर्यंत नेण्याचा हा उद्योग विद्यापीठाबाहेर झाला. ‘ब्राह्मणकन्या’ आदी कादंबऱ्यांतही कथेपेक्षा समाजचिकित्साच वरचढ आहे.

१९२० मध्ये त्यांनी जर्मन ज्यू कुटुंबातील ईडिथ कोहन यांच्याशी विवाह केला. व्रात्यस्तोम विधीने त्या हिंदू झाल्या व शीलवती केतकर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचा इंग्रजी अनुवाद त्यांचाच.