मिशेल युजेन शव्रल

मिशेल युजेन शव्रल (जन्म : आंजे, ३१ ऑगस्ट १७८६; मृत्यू : पॅरिस, ९ एप्रिल १८८९) हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होते. प्राणिज मेदांची रासायनिक घडण त्यांनी उलगडून दाखवली. हृदयविकाराचा धोका जोखण्यासाठी आज रक्तातील ट्रायग्लिसराइड तपासतात. त्या पदार्थाच्या ज्ञानाचा पाया शव्रल यांच्या संशोधनाने घातला.

जीवन

शव्रल यांचा जन्म वैद्याच्या घरात झाला. १८०३ मध्ये पॅरिसला येऊन त्यांनी व्होकलँ या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिक्षण घेतले. १८२४ मध्ये गोबलँ येथील प्रसिद्ध विणकामशाळेत ते रंगाई विभागाचे प्रमुख झाले. शेजारशेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा परिणाम सांगणारा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला.

मेदांवरील संशोधन

साबण म्हणजे चरबी व अल्कली यांचा साधा संयोग, असा त्या काळी समज होता. १८११च्या सुमारास डुकराच्या चरबीच्या साबणाचे पृथक्करण करताना शव्रल यांना त्यात आम्लधर्मी पदार्थ आढळला. अल्कलीच्या क्रियेने मेदाचे विघटन होऊन मेदाम्ले व ग्लिसरीन वेगळी होतात, हे त्यांनी सिद्ध केले. ग्लिसरीनचा शोध शील यांनी पूर्वीच लावला होता. नाव शव्रल यांनी दिले. हे संशोधन १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित झाले. त्यांनी वर्णिलेले मार्गारिक आम्ल मात्र पुढे दोन आम्लांचे मिश्रण ठरले.

ग्लिसरीनच्या एका रेणूशी मेदाम्लाचे तीन रेणू जोडले जातात, हे १८५४ मध्ये बर्थेलो यांनी दाखवले. ट्रायग्लिसराइड या नावाचा अर्थ तोच.

वैद्यकातील महत्त्व

पित्ताशयातील खड्यांमधील स्निग्ध पदार्थाचा साबण होत नाही, म्हणून तो मेदाहून वेगळा, हे ओळखून शव्रल यांनी त्याला कोलेस्टेरीन म्हटले. तेच आजचे कोलेस्टेरॉल. मधुमेही रुग्णाच्या लघवीतील साखर द्राक्षशर्करा असल्याचेही त्यांनी १८१५ मध्ये दाखवले. त्यांपैकी कशाचाही हृदयरोगाशी असलेला संबंध त्या काळी ज्ञात नव्हता.

हा संबंध विसाव्या शतकात स्पष्ट झाला. उपाशीपोटी रक्तातील ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असणे इष्ट मानतात. लठ्ठपणा, मद्यपान, अतिरिक्त साखर व अनियंत्रित मधुमेह यांमुळे ते वाढते. वाढलेले प्रमाण हृदयविकाराच्या अधिक धोक्याशी निगडित असते. मात्र औषधाने ते उतरवले म्हणजे धोका टळतोच, असे आढळलेले नाही. ५०० मिलिग्रॅमच्या वर स्वादुपिंडाच्या दाहाचीही भीती असते.

सन्मान

शव्रल १८२६ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १८५७ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. १८८६ मध्ये त्यांची जन्मशताब्दी त्यांच्या उपस्थितीत साजरी झाली. आयफेल मनोऱ्यावरील ७२ नावांत त्यांचे नाव आहे. मनोऱ्याच्या उद्घाटनानंतर नऊ दिवसांनी, वयाच्या १०२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.