मलिक अंबर आणि भट्टीतला चुना

कात्रपमध्ये रोजा सोडताना खजुरानंतर हातात येतो तो पाण्याचा पेला. शहराला पाणी पाजणारा माणूस म्हटले की दख्खनच्या मलिक अंबरची आठवण होते. ‘रमजान’ या शब्दाच्या अरबी मुळाचा अर्थच होरपळवणारी उष्णता. अंबरचे आयुष्यही असेच होरपळून निघाले.

सोळाव्या शतकाच्या मध्याला हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, तो जन्मला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादला मीर कासिम या मालकाने त्याला शिकवले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही हबशीच. तो वारल्यावर अंबर गुलामीतून मोकळा झाला.

१६०० मध्ये अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असे सगळ्यांना वाटले. अंबरने मात्र दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. मराठा सरदार त्याच्या बाजूने लढले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या फौजेत होते.

१६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवले, म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराच्या पोटातले पाणी शहरात आणण्यासाठी त्याने ‘नहरे अंबरी’ बांधली. बांधकामाला चुना हवा, आणि हा मुलूख काळ्या पाषाणाचा. म्हणून दख्खनचे गवंडी काळ्या मातीतले चुनखडीचे खडे वेचत, भट्टीत लाकडाबरोबर थरावर थर रचून भाजत. उष्णता सुमारे ९०० अंशांवर गेली की खड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० किलो शुद्ध चुनखडीचा उरतो ५६ किलो कळीचा चुना. त्यावर पाणी पडले की तो उकळतो, विरतो. मग वाळूबरोबर घाणीत मळून दगडांच्या सांध्यात बसतो आणि हवेतून तोच वायू हळूहळू परत घेऊन पुन्हा दगड होतो.

दख्खनी चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. जुन्या वास्तूची डागडुजी करण्याआधी चुन्याची चिमूट प्रयोगशाळेत तापवून पाहतात. आधी ओल जाते. साधारण २०० ते ५०० अंशांत झाडपाल्याचा अंश जळतो. त्याच्या बऱ्याच वर, ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान, चुन्याचा दगड फुटतो. कोणत्या टप्प्यावर वजन किती घटले, त्यावरून जुन्या गवंड्याचे मिश्रण उमगते. हे न पाहता सिमेंट थापले तर जुन्या भिंतीतली ओल आतच कोंडते आणि दगड झिजू लागतात.

मोगलांनी १६१६ मध्ये खडकी उद्ध्वस्त केली, तरी अंबरने हार मानली नाही. जहांगीरने त्याच्या मस्तकावर बाण सोडतानाचे स्वतःचे चित्र काढून घेतले, पण प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

नहरीचे पाणी मात्र पुढे कित्येक पिढ्या शहराला मिळत राहिले. मशिदीच्या हौदात आणि घरोघरच्या रांजणात तेच पाणी भरले जाई. भरणाऱ्याचा धर्म त्या पाण्याने विचारला नाही. आज त्या नहरीचे बरेच भाग बुजले आहेत, काही रस्त्यांखाली गेले आहेत. उरली आहे ती तरी जपायला हवी. रोजा सोडताना हातात पाण्याचा पेला आला की एवढे तरी आठवावे.